द्राक्ष निर्यातीची पुरवठा साखळी

महाराष्ट्रातील, मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील, बागांमधून निघालेली ताजी द्राक्षे युरोपातील सुपरमार्केटपर्यंत पोचवणारी लागवड, अवशेष-तपासणी, शीतकरण, वाहतूक व विक्री यांची जोडव्यवस्था. द्राक्ष वेलीवरून उतरल्यानंतर पिकत नाही, त्याची गोडीही वाढत नाही. काढणीच्या क्षणी जो दर्जा असेल तो टिकवणे एवढेच पुढच्या सगळ्या टप्प्यांच्या हाती असते. कुठल्याही टप्प्यावर झालेली चूक शेवटच्या बाजारात उघड होते आणि तिची किंमत बहुधा निर्यातदाराकडून पहिल्या टप्प्याकडे, म्हणजे बागायतदाराकडे, परत येते.

व्याप्ती : कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाच्या (अपेडा) आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३.४४ लाख टन ताजी द्राक्षे निर्यात झाली आणि त्यांचे मूल्य सुमारे ३,४६० कोटी रुपये होते. नेदरलँड्स, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, रशिया व बांगलादेश हे प्रमुख ग्राहक देश. यांपैकी बांगलादेशाकडे माल ट्रकने जातो, तर युरोपकडे न्हावा शेवा बंदरातून रेफर म्हणजे शीत कंटेनरने. नियम, अंतर आणि खर्च या तिन्ही बाबतींत युरोपची साखळी सर्वांत कडक आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड हे तालुके तिचा गाभा होत; सांगली, सोलापूर, सातारा व पुणे जिल्ह्यांतूनही निर्यात होते. बागलाण (सटाणा) परिसरात लवकर छाटणी करून ऐन हंगामापूर्वी ‘अर्ली’ द्राक्षे काढली जातात. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद, क्रिमसन ही निर्यातीत वावरणारी काही वाणे. नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

इतिहास : आखाती देशांत महाराष्ट्राची द्राक्षे आधीपासून जात होती. युरोपच्या बाजारासाठी संघटित प्रयत्न सुरू झाले ते १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’च्या स्थापनेने. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी राज्य कृषी पणन मंडळाच्या पाठबळाने ही भागीदारी संस्था उभी केली. प्रीकूलिंग, शीतगृह आणि निर्यातयोग्य पॅकिंग यांचे धडे अनेक बागायतदारांनी याच काळात गिरवले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे अवशेष-तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून या केंद्राकडे साखळीतील कळीची भूमिका आली.

बागेतील टप्पा : निर्यातीचा माल काढणीच्या वेळी निवडला जात नाही, तो वर्षभर घडवावा लागतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. फळछाटणीपासून साधारण ११० ते १३० दिवसांनी माल काढणीला येतो. दरम्यान वेलीवरील घडांची संख्या मर्यादित ठेवणे, मण्यांची विरळणी, जिबरेलिक अॅसिडच्या द्रावणात घड बुडवणे (डिपिंग) अशी मजुरांच्या हातानेच होणारी कामे एकामागून एक येतात. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतील मजुरांच्या टोळ्या त्यासाठी निफाड-दिंडोरीत उतरतात. टोळी चार दिवस उशिरा आली तर विरळणीची वेळ टळते, मणी एकमेकांना दाबू लागतात आणि तो प्लॉट ‘लोकल’मध्ये, म्हणजे स्थानिक बाजारात, जातो.

मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागले, की हिरव्या वाणांत ‘पिंक बेरी’चा धोका असतो. थंडी वाढली आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडला की मणी गुलाबी पडतात. हिरवा, एकसारखा घड मागणारा युरोपातील ग्राहक असा माल नाकारतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या बागांमध्ये एकेक घड जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला जातो. एकरातल्या हजारो घडांना कागद लावायचा आणि काढणीपूर्वी तो पुन्हा उतरवायचा, हा सगळा खर्च माल विकला जाण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

पावसापुढे मात्र कागदही चालत नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी (केवडा) आणि घडकूज, तयार मालावर झाला तर मणी तडकणे, असे नुकसान ठरलेले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाडसह नाशिक जिल्ह्यातील अनेक गावांत अवकाळी पाऊस व गारपीट झाली आणि उभ्या बागा झोडपल्या गेल्या. असा पाऊस दुहेरी मार देतो : उत्पादन घटते आणि रोग आवरण्यासाठी फवारण्या वाढतात. वाढलेली प्रत्येक फवारणी पुढच्या टप्प्यात, अवशेष-तपासणीत, जोखीम बनून उभी राहते.

अवशेष-तपासणी व माग : २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे मर्यादेपेक्षा जास्त अवशेष आढळले. त्यानंतर अपेडाने अवशेष नियंत्रणाची योजना लागू केली आणि २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय माग-प्रणाली आणली. तिच्यात निर्यातक्षम प्रत्येक प्लॉटची कृषी विभागामार्फत नोंदणी होते व त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अवशेष कमाल मर्यादेच्या (एमआरएल) आत असतील तरच त्या प्लॉटचा माल युरोपसाठी काढता येतो. पुढे अॅगमार्क, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि पेटीवरील सांकेतिक क्रमांक हे सगळे त्याच नोंदीला जोडलेले असतात. रॉटरडॅममध्ये उघडलेली पेटी निफाडमधल्या कोणत्या प्लॉटची, हे त्यामुळे सांगता येते. भारतातील फळनिर्यातीत मागाची ही व्यवस्था पायंडा पाडणारी ठरली आणि डाळिंबासह इतर पिकांसाठीही तशाच प्रणाली पुढे आल्या.

व्यवस्था चोख असली तरी तिची एक मर्यादा २०१० मध्ये दिसली. खरड छाटणीनंतर वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड (बागायतदारांच्या बोलीत ‘सीसीसी’) हे वाढनियंत्रक सर्रास वापरले जात होते. भारतातील तपासणीच्या यादीत ते नव्हते, त्यामुळे नमुने ‘पास’ होत होते. युरोपात मात्र त्याचे अवशेष सापडले आणि हंगामाच्या मध्यात कंटेनर अडकले. वेलीत टिकून राहणारे हे रसायन काढणीच्या कित्येक महिने आधी वापरलेले होते, म्हणजे प्रश्न लक्षात आला तेव्हा तो सोडवण्याची वेळ उलटून गेली होती. नियम पाळणाऱ्यालाही यादीबाहेरचा नियम आडवा येऊ शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. त्यानंतर तपासणीची यादी विस्तारली गेली. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागते. शिवाय मोठ्या सुपरमार्केटांचे स्वतःचे निकष कायद्याहून कडक असतात आणि ग्लोबलगॅपसारखी खासगी प्रमाणपत्रेही मागितली जातात.

काढणी ते शीतगृह : काढणी पहाटेपासून सकाळच्या गारव्यात होते. घड देठाला धरून कात्रीने कापतात, मण्यांना हात लागू देत नाहीत, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली गेली तर माल शिळा दिसतो. क्रेटमध्ये एकच थर लावून माल पॅकहाऊसला येतो. तिथे बहुतांशी महिला कामगार खराब मणी काढतात, घड तोलतात आणि पनेटमध्ये (छोट्या प्लॅस्टिक डब्यात) किंवा पाउचमध्ये भरतात. काढणीपासून चार ते सहा तासांत माल प्रीकूलिंगला लागला पाहिजे, असा दंडक आहे. तिथे थंड हवा जोराने पेट्यांमधून खेळवून मण्यांच्या आतले तापमान ४ अंश सेल्सिअसखाली आणले जाते. त्यानंतर शीतगृहात ० अंशाच्या आसपास तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवतात.

प्रत्येक पेटीत फळांवर ‘ग्रेपगार्ड’ नावाचा कागदी पॅड ठेवलेला असतो. त्यातील सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याशी संयोग पावून सल्फर डायऑक्साइड वायू सोडते आणि प्रवासात बुरशी रोखते. पॅडचे दोन थर असतात. एक सुरुवातीला लवकर वायू सोडतो, दुसरा पुढे आठवडेच्या आठवडे सावकाश. माल पुरेसा थंड न करता भरला, किंवा वाटेत तापमान चढून पुन्हा उतरले, तर पेटीत दव सुटते, पॅड एकदम वायू सोडतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात. शिवाय पॅडचा साठा आधीच संपल्याने शेवटच्या आठवड्यात बुरशीला मोकळे रान मिळते. पेटी उघडल्यावर दिसणारा दोष असा दोन-तीन आठवड्यांपूर्वी गेलेल्या विजेचा किंवा उघड्या राहिलेल्या दाराचा असू शकतो.

कंटेनर व समुद्रमार्ग : चाळीस फुटी रेफर कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे मावतात. रिकामा कंटेनर बंदरातून नाशिकला येतो, पॅकहाऊसच्या दाराशी भरला जातो आणि कसारा घाटातून सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता कापत न्हावा शेव्याला परततो. वाटेत त्याचे शीतयंत्र जनरेटरवर चालते, बंदरात विजेच्या जोडणीवर. रेफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड झालेला माल थंड ठेवतो. अर्धवट थंड माल भरून पुढे कंटेनरवर भिस्त ठेवणे ही जुनी व महागात पडणारी चूक आहे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यांनाच कंटेनर हवे असतात. या काळात रेफरचा तुटवडा, जहाजावरील जागेची ओढाताण आणि भाड्यातील चढ ही नित्याची बाब. सुएझ कालव्यामार्गे रॉटरडॅमपर्यंतचा प्रवास साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचा. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा हा मार्ग किती अरुंद आहे ते जगाला कळले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हूती बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर तर बहुतेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे नेली. प्रवास १० ते १५ दिवसांनी लांबला, भाडे वाढले आणि कंटेनर परत यायलाही वेळ लागू लागला. उत्तम शीतसाखळीत द्राक्ष दोनेक महिने टिकते. त्यातले आणखी दोन आठवडे समुद्रातच गेल्याने विक्रीसाठी उरणारे दिवस घटले. त्या हंगामात एकूण निर्यात घसरली नाही, उलट वाढली. पण एकूण आकडा वाढला म्हणून गारपिटीत सापडलेल्या किंवा उशिरा पोचलेल्या मालाच्या मालकाचे नुकसान भरून निघते असे नाही.

बाजार व पैशाचा उलटा प्रवास : युरोपात भारतीय द्राक्षांची खिडकी दक्षिण आफ्रिका, चिली व पेरू यांच्या हंगामाच्या सांध्यावर उघडते. दक्षिण गोलार्धातील माल लांबला किंवा नाशिकचा सगळा माल मार्चमध्ये एकदम निघाला तर रॉटरडॅमच्या शीतगृहांत थप्पी लागते आणि दर पडतात. काही स्पर्धक देशांना व्यापार करारांमुळे मिळणारी शुल्कमाफी भारतीय द्राक्षांच्या वाट्याला आलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी दरात टक्कर देणे आणखी कठीण होत आले.

बरीचशी विक्री कन्साइनमेंट पद्धतीने होते : माल पाठवायचा, तिथे तो विकला जायचा आणि भाडे, शुल्क, शीतगृह, पुनर्पॅकिंग, अडत वजा करून उरलेली रक्कम परत यायची. दर्जा घसरल्याचा ‘क्लेम’ आला तर तीही घटते. सुपरमार्केटशी आधीच ठरवलेल्या दराचे कार्यक्रम असतात, पण ते सातत्याने माल देऊ शकणाऱ्या मोठ्या निर्यातदारांनाच मिळतात. बागेत मात्र सौदा किलोच्या दराने होतो. निर्यातदार निवडक घड खुडून नेतो, उरलेला माल स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला जातो. पैसे हप्त्याने येतात. युरोपात दर कोसळल्यावर ठरलेला दर खाली ओढला जाणे, पैसे रखडणे, क्वचित व्यापारीच पसार होणे, हे प्रकार नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना अपरिचित नाहीत. औषधे, मजुरी, कागद आणि पाणी यांचा खर्च बागायतदाराने वर्षभर आधी केलेला असतो. त्यामुळे सौद्यात थांबण्याची ताकद ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याच्याच गळ्यात जोखीम पडते.

उपाय : या रचनेला उत्तर म्हणून उत्पादकांनी स्वतःच निर्यातदार होण्याचा मार्ग पुढे आला. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी याचे ठळक उदाहरण. प्लॉटनिहाय फवारणीच्या नोंदी, स्वतःचे पॅकहाऊस व शीतगृह आणि युरोपीय खरेदीदारांशी थेट संबंध यांमुळे मधल्या कपातीचा काही भाग उत्पादकांकडेच राहतो. तडकण्यास कमी बळी पडणारी पेटंटप्राप्त विदेशी वाणे, बागेवरील प्लॅस्टिक आच्छादन, छाटणीच्या तारखा गटागटाने पुढेमागे ठेवून माल टप्प्याटप्प्याने काढणे आणि हवामानाधारित पीकविमा हे आणखी काही उपाय. आच्छादनाचा भांडवली खर्च आणि नव्या वाणांची रॉयल्टी लहान बागायतदाराला एकट्याने झेपत नाही, म्हणून यांचा प्रसार बहुतांशी गटांच्या व कंपन्यांच्या आधारे होत आहे. तांत्रिक अडचणींपैकी बऱ्याचशा, म्हणजे अवशेष, माग व शीतकरण, गेल्या तीन दशकांत आटोक्यात आल्या आहेत. अवकाळी पाऊस, जलमार्गातील खंड आणि नुकसानीची विषम वाटणी हे तीन प्रश्न मात्र कायम असून, यांपैकी केवळ तिसऱ्याचे उत्तर साखळीतील घटकांच्या परस्पर करारांत आहे.