परक्या वेलीचा वास

मद्याचा विषय, आणि तोहि तें घरीं करण्याचा, असें पाहून आमच्या वाचक कुटुंबांतील वडील मंडळी पान उलटूं लागतील अशी आम्हांस धास्ती आहे. त्यांनीं अंमळ धीर धरावा. आम्हांस सांगावयाची आहे ती एका वेलीची हकीकत. आणि एखाद्या समाजाची रुचि आपलें कोणतें व परकें कोणतें हें कसें ठरविते, या प्रश्नाशीं तिचा निकट संबंध आहे.

इंग्लंडांत पूर्वीं घरोघर एल होई. मोड आणून वाळविलेले जव ऊन पाण्यांत भिजवावे, गोड रस काढावा व तो किण्वानें आंबवावा. हें काम बहुधा बायकांचें असे. या एलमध्यें हॉप नव्हता. हॉप हा भांगेच्या कुळांतला वेल. त्याच्या मादी वेलीस खवल्याखवल्यांचीं हिरवट बोंडें येतात व त्यांत पिवळी, चिकट पूड असते. तीं बोंडें रसांत उकळलीं कीं त्यास कडूपणा येतो आणि पेय लौकर नासत नाहीं. ही युक्ति पंधराव्या शतकाच्या सुमारास समुद्रापलीकडून, फ्लँडर्स व हॉलंडकडून, इंग्लंडांत आली. आणि हॉप घातलेल्या पेयास बीअर हें निराळें नांव मिळालें. अँड्र्यू बूर्ड या वैद्यानें १५४२ सालीं आपल्या पथ्यापथ्याच्या ग्रंथांत निर्वाळा दिला कीं, एल हें इंग्रजाचें स्वाभाविक पेय, बीअर डच मनुष्याचें. परंतु वैद्यांचें ऐकतो कोण! केंट परगण्यांत हॉपचे मळे उभे राहिले. १५७४ मध्यें रेजिनाल्ड स्कॉट यानें हॉपच्या लागवडीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. पुढें एललाहि हॉप लागूं लागला आणि जुना भेद पुसट झाला. आमच्या उपवासाच्या फराळांत बटाटा असाच निर्धास्तपणें बसला आहे. त्याला इकडे आणणारे फिरंगी होते, हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें.

आतां विसाव्या शतकाकडे वळूं. केंटमधील वाय येथील कृषिमहाविद्यालयांत प्रोफेसर अर्नेस्ट साल्मन हे हॉपच्या नव्या जाती निपजवीत होते. १९१६ मध्यें त्यांच्याकडे कॅनडांतील मॅनिटोबा प्रांतांतल्या मॉर्डन येथील एका रानटी हॉपचें कलम आलें. त्या वेलीच्या बियांपासून केलेल्या रोपांतून त्यांनीं एक निवडलें, आणि १९३४ मध्यें ‘ब्रूअर्स गोल्ड’ या नांवानें तें शेतकऱ्यांच्या हातीं दिलें. कडूपणांत तें जुन्या इंग्रजी जातींहून पुष्कळ सरस होतें. पण वास! इंग्रज कारखानदारांनीं नाकें मुरडलीं. हा वास अमेरिकन. कोणी म्हणे काळ्या करंटच्या फळांचा, कोणी म्हणे चक्क मांजराचा. गोल्डिंगसारखा सौम्य, घरचा सुगंध तो हा नव्हे. ज्या लोकांत एके काळीं हॉपवरच डच म्हणून शिक्का बसला होता, त्यांच्याच वंशजांनीं हॉपचा कैवार घेऊन दुसऱ्या हॉपला परका ठरवावें, ही मौज आम्हांस मोठी बोधक वाटते.

परक्या वासाची खरी परीक्षा हलक्या, फिक्या एलमध्येंच होते. गडद बीअरमध्यें भाजलेल्या जवाची चव पुष्कळ दोष पोटांत घालते. हलक्या एलला असा आडपडदा नाहीं. आरंभीं टाकलेला हॉप तासभर उकळून कडूपणा देतो, पण त्याचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो. म्हणून वासासाठीं शेवटच्या कांहीं मिनिटांत पुन्हां हॉप टाकावा लागतो. नवी जात अशी उघडी पाडून पाहण्याचें धाडस कारखानदार सहसा करीत नाहीं. हजारों पिंपें परत आलीं तर तो बुडतो. घरीं करणाराचें फार तर एक पातेलें मोरींत जातें. पण हें पातेलें चुलीवर ठेवण्यासच १८८० च्या कायद्यानें इंग्लंडांत परवान्याची अट घातली होती, आणि ती उठली १९६३ मध्यें. अमेरिकेंत तर १९३३ मध्यें दारूबंदी उठल्यावरहि घरच्या बीअरला मोकळीक नव्हती. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं तो कायदा बदलला १९७८ सालीं.

मधल्या काळांत, १९७२ मध्यें, ओरेगनहून ‘कॅस्केड’ हा नवा हॉप बाहेर पडला होता. मोठ्या कारखान्यांस हवा होता जर्मन हॉपचा मंद दरवळ; याला वास पपनसाच्या सालीचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर या छोट्या कारखान्यानें १९७५ मध्यें तो आपल्या लिबर्टी एलमध्यें घातला. चिको गांवीं घरीं बीअर करणारांस सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन यानें तर पुढें स्वतःचा सिएरा नेव्हाडा कारखाना काढून आपली फिकी एल याच वासावर उभी केली. आणि लोक ती हौसेनें पिऊं लागले.

साल्मन १९५९ मध्यें वारले, म्हणजे इंग्लंडांतील परवान्याची अट उठण्याच्या चार वर्षें आधीं. ‘सेंटेनियल’ हा अमेरिकन हॉप १९९० मध्यें बाजारांत आला. त्याच्या वंशांत सर्वांत मोठा वांटा ब्रूअर्स गोल्डचा आहे. आणि इंग्लंडांत घरीं एल करणारे लोक तो त्याच्या वासासाठीं आज अमेरिकेहून आलेला विकत घेतात.