आयुष्य वाढले, हिशेब जुनाच राहिला

आज आपण एका आकड्याचा इतिहास पाहू. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७०च्या घरात आहे.

हे सांगितले की मला हमखास प्रश्न येतो, "म्हणजे पूर्वी म्हातारी माणसे नव्हतीच का?" होती की! साठीची शांत, एक्याऐंशीच्या आसपासचे सहस्रचंद्रदर्शन हे विधी उगाच का रूढ झाले? सरासरी खाली ओढली जात होती ती मुख्यतः बालमृत्यूंमुळे. १९५१च्या सुमारास दर हजार बाळांपैकी जवळजवळ १४६ बाळे वर्षाची होण्याआधीच जात. २०२० साली हे प्रमाण २८वर आले. लसीकरण, डीडीटीची फवारणी, प्रतिजैविके, सुरक्षित बाळंतपण आणि पुरेसे धान्य यांचा हा एकत्रित परिणाम.

मात्र पूर्वी साठी गाठणारे थोडे होते, म्हणून तिचा सोहळा होई. आता बहुतेक जण ती गाठतात. म्हातारपण हा बहुतेकांच्या आयुष्याचा एक मोठा टप्पा झाला आहे, आणि त्याची तरतूद मात्र जुन्या हिशेबावर चालली आहे.

तो हिशेब कसा होता? बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाचे पेन्शन सुरू केले, तेव्हा वयाची अट ७० होती. तिथवर पोचणारे कामगार कमी, म्हणून खर्चही बेताचा. १९१६ साली ही अट ६५वर आली.

आपल्या केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय पूर्वी ५५ होते. १९६२ साली ते ५८ झाले, १९९८ साली ६०. म्हणजे आयुर्मान दुपटीहून अधिक वाढले आणि निवृत्तीचे वय पाच वर्षांनी. पेन्शन घेण्याचा काळ लांबत गेला. १ जानेवारी २००४पासून, सैन्यदले वगळता, केंद्राच्या नव्या नोकरांना नोकराच्या स्वतःच्या वर्गणीवरही आधारलेली योजना लागू झाली, त्यामागे हेही एक कारण होते.

पण ही झाली नोकरदारांची गोष्ट. शेतमजूर, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांना निवृत्तीचे वयच नसते. हातपाय चालतात तोवर काम. त्यांच्यातल्या दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये. राज्ये त्यात भर घालतात, पण ती राज्यागणिक वेगळी. बायका सरासरीने जास्त जगतात, शिवाय नवरा बहुधा वयाने मोठा. त्यामुळे शेवटची एकटेपणाची वर्षे बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येतात, आणि तिच्या नावावर ना जमीन असते ना पेन्शन.

उरतो मुलांचा आधार. तोही गृहीत धरता येईना, म्हणून २००७ साली संसदेला आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला.

२०११च्या जनगणनेत साठीपुढचे लोक केरळात १२.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९, बिहारमध्ये ७.४. केरळ पुढे आहे, एवढेच. वाट सर्वांची तीच. तुम्ही ज्या राज्यात राहता, तिथे शेजारच्या एकट्या आजीला दरमहा किती रुपये मिळतात, एवढे जरूर विचारून पाहा. आयुर्मानाचा हा इतिहास तिच्या पासबुकातही वाचायला मिळेल.

भेटू पुढच्या भागात.