पुसलेल्या राणीवरून ठरलेला काळ

‘अहमदनगर शैली’ हे नाव चित्रकारांनी ठेवलेले नाही. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा नाव त्यांचे होते आणि भूमिकाही त्यांचीच. अहमदनगरच्या निजामशाहीच्या चित्रकारांच्या बाबतीत शैली संशोधकांना जुळवावी लागली. त्या जुळणीचा मुख्य आधार एकच पोथी आहे, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’.

आफताबी नावाच्या कवीचे हे फारसी काव्य. पहिला हुसेन निजामशहा (कारकीर्द १५५३ ते १५६५) आणि त्याची राणी खुंजा हुमायून यांची त्यात स्तुती आहे. ही राणी म्हणजे चांदबिबीची आई. पोथीत आज १२ चित्रे उरली आहेत.

पोथीचा काळ तिच्यातल्याच पुराव्यावरून ठरतो. विजयनगरच्या रामरायाविरुद्धची तालिकोटची लढाई जानेवारी १५६५ मधली. काव्यात हुसेनचा तो विजय आहे, रामरायाचा शिरच्छेद चित्रातही आहे. म्हणजे पोथी त्याआधीची नाही. त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मुर्तजा अल्पवयीन असल्याने कारभार राणीच्या हाती आला. पुढे १५६९ च्या सुमारास मुलाने आईलाच कैदेत टाकले. कैदेतल्या राणीचे गुणगान दरबारी पोथीत कोण करील? तेव्हा ही चित्रे या चार-पाच वर्षांतली, असा निष्कर्ष निघतो.

त्याला दुजोरा देते ती खाडाखोड. दरबाराच्या प्रसंगांत राजा जसाच्या तसा आहे, त्याच्याजवळची राणीची आकृती मात्र पुसलेली किंवा वरून रंगवून झाकलेली. मजकुरात तिची स्तुती कायम राहिली, चित्रातून ती गेली. राणीची सत्ता गेल्यावर हे झाले असावे, हे अनुमान पटण्याजोगे आहे.

शैली दिसते ती तपशिलात. सोनेरी आकाश आणि उंच चढवलेले क्षितिज इराणी चित्रांच्या वळणाचे; स्त्रियांच्या चोळ्या आणि लांब वेण्या मात्र इथल्या. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्यातला. तिथे सुंदरीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो. फारसी स्तुतिकाव्यात तो सहज येऊन बसला आहे. दख्खनी म्हणतात ते हेच.

अहमदनगरच्या चित्रकलेबद्दल बोलताना ज्या पोथीवर आपण भिस्त ठेवतो, तिची तारीख तिच्यातल्या मजकुराइतकीच तिच्यातल्या पुसलेल्या जागांनी सांगितली आहे. जुने चित्र हाती आले, तर रंगाइतकेच खरवडलेल्या जागेकडेही पाहावे. तोही दस्तऐवजच असतो.