पदवीचा रोखा

न वाचलेल्या कागदानें नाडला गेल्याचा इतिहास भीमथडीस नवा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें (हें गांव आज बारामती तालुक्यांत मोडतें) शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव करून कर्जरोखे हिसकावून घेतले व जाळले. हें लोण लवकरच इंदापुराकडेही पोंचलें. आपण ज्या रोख्यावर नांगराची निशाणी केली त्यांत काय लिहिलें आहे हें कुळाला ठाऊक नसे; तें कोर्टांत गेल्यावर कळे. १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला आणि त्यांत असा उपाय योजिला कीं, शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोरच लिहिला जावा. म्हणजे कागदाची पारख तो अंमलांत येण्यापूर्वीं व्हावी, मागाहून नव्हे. पदव्यांच्या बाबतींत ही साधी गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांस फार उशिरां सुचली, आणि ती पुरती सुचली आहे असें आम्हांस अजूनही वाटत नाहीं.

मान्यता म्हणजेच योग्यता, असा मात्र आमचा समज नाहीं. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चें. त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला तो १९८७ सालीं. परंतु हीं विद्यापीठें सरकारी शिक्क्यावांचून निघालीं हें जगजाहीर होतें. टिळक विद्यापीठ तर असहकारितेच्या चळवळींतूनच जन्मलेलें. तेथें जाणारा विद्यार्थी आपण काय गमावतों हें जाणून जात असे. संशयास जागा होते ती शिक्का नसतांना तो असल्याचें भासविलें जातें तेथें, किंवा एका कामासाठीं मिळालेला शिक्का दुसऱ्याच कामावर मारला जातो तेथें.

दूरशिक्षणाची गरज या भागास खरीच होती. बारामतीस तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघालें तें १९६२ सालीं. तोंवर पदवीसाठीं पुण्यासारख्या शहरीं बिऱ्हाड करणें भाग. त्यानंतरही उंसाला पाणी देणारा मुलगा किंवा सासरीं गेलेली मुलगी रोज वर्गांत कशी बसणार? दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालींच पत्रद्वारां शिक्षण सुरू केलें. पुढें १९८९ सालीं राज्याच्या कायद्यानें नाशिकास यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि बारावी न झालेल्यांसही पूर्वतयारीच्या वाटेनें पदवीचें दार उघडलें.

गरजूंची गर्दी जमली कीं दलाल येतोच. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानें पदवी देण्याचा अधिकार कायद्यानें स्थापिलेल्या वा अभिमत विद्यापीठांपुरता राखला. इतरांनीं ‘विद्यापीठ’ हें नांवही लावूं नये असें ठरविलें. उल्लंघनास दंड किती? फार तर १००० रुपये! एका विद्यार्थ्याच्या फीमध्यें तो भागावा. २००२ सालीं छत्तीसगडनें तर कायदाच असा केला कीं, त्याच्या आधारें शंभरावर खासगी विद्यापीठें निघालीं, आणि त्यांतील कित्येकांजवळ धड इमारतही नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं तीं रद्द ठरविलीं.

याहून विचार करण्याजोगा निकाल ३ नोव्हेंबर २०१७ चा. राजस्थानांतील दोन आणि अलाहाबाद व सालेम येथील प्रत्येकीं एक, अशा चार अभिमत विद्यापीठांनीं आवश्यक परवानगीवांचून दूरशिक्षणानें अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. दूरशिक्षण परिषदेनें त्यांस मागाहून संमति दिली, ती न्यायालयानें अमान्य केली. हीं विद्यापीठें बनावट नव्हतीं. इंदापूरच्या एखाद्या सावध बापानें आयोगाची यादी पाहिली असती तर त्यांचीं नांवें त्यास तींत सांपडलीं असतीं! उणीव होती ती त्या अभ्यासक्रमाच्या परवानगीची. ती शोधण्याचा भार मात्र घेणाऱ्यावर पडला. २००१ ते २००५ या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित होऊन त्यांस नव्यानें परीक्षा द्यावी लागली. नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या रद्दच झाल्या. त्या पदवीच्या जोरावर मिळालेली बढती काढून घ्यावी, दिलेला पैसा मात्र परत मागूं नये, एवढी सवलत न्यायालयानें ठेविली.