एकल पदवी आणि संयुक्त पदवी : वऱ्हाडातील विधिशिक्षणाचा एक धागा

वऱ्हाडातील जुन्या वकिलांच्या नावापुढे ‘बी.ए., एल्‌एल.बी.’ ही अक्षरे जोडीनेच लिहिलेली आढळतात. आज बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, म्हणजे आधी पदवीधर होऊन मग कायद्याची तीन वर्षांची एकल पदवी घ्यावी की लगेच पाच वर्षांच्या संयुक्त अभ्यासक्रमास जावे, त्याचे बीज या जोडीत आहे. वरवर पाहता जुनी जोडी व नवी संयुक्त पदवी ही एकच वाटतात. परंतु त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात तो भेद स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. न्या. रानडे १८६२ साली बी.ए. व १८६६ साली एल्‌एल.बी. झाले. लोकमान्य टिळकांनी बी.ए. झाल्यावर एम.ए.चा अभ्यास सोडून कायदा पत्करला व १८७९ साली ते एल्‌एल.बी. झाले. वऱ्हाडातील दादासाहेब खापर्डे यांनी १८८४ साली हीच पदवी मिळविली. या तिघांच्याही बाबतीत पहिली पदवी स्वयंपूर्ण होती. दुसरीचा विचार तिच्या उंबरठ्यावर उभे राहून करता येत असे. टिळकांचा बेत बदलला, पण हाती आलेले काही त्यामुळे गमावले नाही. याखेरीज १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टाने मान्य केलेला प्लीडर व मुखत्यार यांचा वर्गही होता. त्यांची वाट परीक्षा व सनद यांची होती.

बुलढाण्याच्या विद्यार्थ्याला या दोन्ही पदव्यांसाठी जिल्हा सोडावा लागे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा हे अंतर काहीसे कमी झाले. परत येऊन वकिली करू लागलेल्या पदवीधरापुढे मात्र एक निराळीच अडचण असे. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे आला, तरी त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व मान्यच होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते अधिसूचनेने लागू करावे लागत. १९४१ च्या बेरार लॉज् अ‍ॅक्टाने ही गुंतागुंत पुष्कळशी दूर केली. तोवर अमुक कायदा वऱ्हाडात चालतो की नाही, हा प्रश्न कायद्याइतकाच इतिहासाचाही होता. कायद्यापूर्वी इतिहास, अर्थशास्त्र वा भाषा शिकलेल्या वकिलाला त्या अभ्यासाचा उपयोग येथे कसा होत असेल, हे निराळे सांगावयास नको. याच जिल्ह्यात मेहकर येथे कवी ना. घ. देशपांडे हे बी.ए., एल्‌एल.बी. होऊन वकिली करीत. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली प्रसिद्ध झाला. व्यवसायाने माणसाचे सारे क्षेत्र व्यापले जात नाही, याचे ते जवळचे उदाहरण होय.

१९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाने वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून एकच वर्ग केला व विधिशिक्षणाची प्रमाणे ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे आले. १९६७ पासून पदवीनंतरचा अभ्यासक्रम दोनांऐवजी तीन वर्षांचा झाला. पुढे १९८२ साली परिषदेने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. बंगलोरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची पहिली तुकडी १९८८ साली सुरू झाली. नागपूरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे काम २०१६ साली सुरू झाले. परिषदेच्या २००८ च्या नियमांनी दोन्ही मार्ग मान्य केले आहेत. परंतु त्याच नियमांप्रमाणे संयुक्त अभ्यासक्रमाचे मध्येच तुकडे पाडून एखादी पदवी देता येत नाही.

लेखारंभी म्हटलेला भेद तो हाच. एकल मार्गास तीन अधिक तीन अशी सहा वर्षे लागतात, संयुक्त मार्गास पाच. एक वर्ष वाचते. विधी व सामाजिक शास्त्रे यांची सांगड पहिल्या वर्षापासून घातली जाते, हाही लाभ थोडा नव्हे. पण वाचलेल्या वर्षाचे मोल मधल्या थांब्याने चुकवावे लागते. तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला, कपाशी वा सोयाबीन हातचे गेले आणि शिक्षण थांबले, तर जुन्या मार्गाने गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाजवळ बी.ए. उरते व तो पुढे केव्हाही कायद्याकडे वळू शकतो. संयुक्त मार्गाने गेलेल्याजवळ गुणपत्रिका उरतात, पदवी नाही.

म्हणून ज्याचा निश्चय सतराव्या-अठराव्या वर्षीच झाला आहे व ज्याच्या घरची पाच वर्षांची तरतूद पक्की आहे, त्याने संयुक्त पदवी घेणे सयुक्तिक होय. ज्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट अनिश्चित आहे, त्याला जुनी वाट कालबाह्य झाली असे सांगणे इतिहासाला धरून होणार नाही. ती वाट लांब खरी. पण तिच्यात एक धर्मशाळा आहे, आणि कोरडवाहू मुलुखातील प्रवाशाने तिचा विचार करूनच निघावे.