दमणगंगेकाठची वहिवाट

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक खेळ खेळतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून माझ्या वाट्याचे तास कमी झाले, पण हा एक तास मी कोणाला दिलेला नाही. मुलांना वहीत दमण, दादरा आणि नगर हवेली यांचा नकाशा काढायला लावतो आणि सांगतो, "पेन्सिल सिल्वासावर ठेवा आणि आपली हद्द न ओलांडता दमणला जा पाहू!"

मुले उत्साहाने सुरुवात करतात. एखादी पेन्सिल दादऱ्याकडे वळते, एखादी नरोलीकडे. थोड्याच वेळात सगळ्या पेन्सिली थांबतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "सर, नाही जाता येत. मध्ये गुजरात लागतो. दादऱ्यालासुद्धा नाही जाता येत!"

"बरोबर," मी म्हणतो. "पोर्तुगिजांनाही येत नव्हते. हाच आपल्या गावाचा इतिहास."

वाचकहो, सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हद्द ही काही नवलाची गोष्ट नव्हे. घर एका राज्यात, बाजार दुसऱ्यात आणि लेकीचे सासर तिसऱ्यात, ही आपली रोजची रीत. बसच्या पाटीवर सिल्वासा, वाहकाच्या तोंडी सेलवास. तरीही या लहानशा गावाची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण ती एका अस्सल मराठी शब्दाभोवती फिरते. तो शब्द म्हणजे 'वहिवाट'.

आधी नदीची ओळख करून देतो. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात क्षणभर विसावते, राखोलीवरून सिल्वासाला वळसा घालते, पुढे वापीच्या अंगाने जाऊन दमणला समुद्रास मिळते. सिल्वासा तिच्या उजव्या तीरावर, तर नरोली डाव्या. खानवेलकडचा डोंगराळ, वारली-कोकणा वस्तीचा मुलूखही नदीपलीकडेच. आज नरोलीला जाताना अथाळचा पूल लागतो आणि खानवेलला जाताना राखोलीचा. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्याच्या चार महिन्यांत ही नदी म्हणजे एक हद्दच होती. सिल्वासाहून दमणला विनापरवाना जाणारे जर कोणी असेल, तर ती एकटी दमणगंगा!

आता इतिहासाकडे वळू. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले. पुढे सलोखा झाला आणि १७७९ मध्ये पुणे दरबाराशी पोर्तुगिजांचा तह ठरला. दमणलगतच्या मुलखातून वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांकडे लावून द्यावीत, असे त्यात ठरले. त्याप्रमाणे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या, आणि नगर हवेली व दादरा पोर्तुगिजांच्या हाती गेले. पेशवे होते सवाई माधवराव, आणि कारभार नाना फडणिसांचा.

या सगळ्या व्यवहारात एक शब्द कळीचा आहे: सरंजाम. सरंजाम म्हणजे गावाचा वसूल खाण्याचा हक्क, गावाचे खरेदीखत नव्हे. पण पुणे दरबार १८१८ साली संपला. सनद देणारा गेला आणि सनद घेणारा उरला. इंग्रजांनी शेजारच्या मुलखात पोर्तुगिजांनाच धनी मानले आणि वसूलदाराचा राज्यकर्ता झाला. आरंभी नगर हवेलीचे ठाणे दरारा या गावी होते. १८८५ मध्ये ते सिल्वासाला आले, आणि या खेड्याला 'व्हिला दे पासो द आर्कोस' असे भारदस्त नाव मिळाले. कागदावर ते नाव राहिले, लोकांच्या जिभेवर मात्र कधी चढले नाही.

कारभार दमणच्या गव्हर्नरच्या हाताखालचा. म्हणजे हुकूम दमणहून निघणार आणि इंग्रजी मुलूख ओलांडून सिल्वासाला पोहोचणार. कारकून जाई, व्यापारी जाई, मालाच्या गाड्या जात. शिपाई बंदुकीसह निघाला की मात्र इंग्रज विचारी, "कोणाच्या परवानगीने?" १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात तर हे स्पष्टच नमूद झाले, की रीतसर विनंती केल्याशिवाय एकाची हत्यारबंद फौज दुसऱ्याच्या हद्दीत शिरणार नाही. पोर्तुगिजांकडे गावे होती, चौक्या होत्या, निशाण होते, पण त्यांना जोडणारी वाट मात्र दुसऱ्याची होती.

या उणिवेची किंमत १९५४ मध्ये चुकवावी लागली. भारत सरकारने वाट आवळत आणली होती. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे कार्यकर्ते फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या नेतृत्वाखाली दादऱ्यात शिरले आणि २२ जुलैला दादरा मुक्त झाले. तेथील पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारियो चकमकीत मारला गेला. तोही आपल्या कामावरच होता, हे मी मुलांना आवर्जून सांगतो. दमणहून सिल्वासाकडे जाण्याची परवानगी पोर्तुगिजांनी मागितली, ती भारताने नाकारली.

मग नदीची पाळी आली. दिवस ऐन पावसाळ्याचे. सिल्वासा आणि नरोली यांच्यामधले पाणी चढलेले. सिल्वासातील शिबंदी नरोलीच्या मदतीला जाऊ शकत नव्हती. हे हेरून २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते नरोलीच्या चौकीवर गेले आणि नरोली मोकळी झाली. २ ऑगस्टला सिल्वासात तिरंगा चढला. या लढ्यात विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी, राजा वाकणकर, नाना काजरेकर ही मंडळी होती, आणि ज्यांचा आवाज महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला ते सुधीर फडकेही होते. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली माणसे घेऊन खानवेलच्या बाजूला हटला. त्याच्याजवळ बंदुका होत्या, पण दमणला परतायला वाट नव्हती. ११ ऑगस्टला उधव्याला त्याने भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना मी एकदा विचारले, "बाबा, तुम्ही तेव्हा लहान असाल. काय आठवतं?" म्हातारा हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आमाला फकस्त पाणी आठवतं. त्या वर्षी नदी हवालदारापेक्षा मोठी झाली व्हती!" पुस्तकातले प्रकरण या एका वाक्यात आले.

पुढचा अंक घडला तो हजारो मैल दूर, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला. मागणी गावांची नव्हती, वाटेची होती. दमणहून या गावांपर्यंत जाण्याचा आमचा हक्क भारताने मोडला, असे पोर्तुगालचे म्हणणे. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताच्या वतीने खास न्यायाधीश म्हणून बसले होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला. पुणे दरबारचा तह आणि सनदा जगभरच्या न्यायाधीशांपुढे आल्या, आणि सरंजाम या शब्दाचा कीस पाडला गेला. नानांच्या दफ्तरातील कारकुनाने बोरूने लिहिलेल्या शब्दाचा अर्थ पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये ठरत होता, हे मनात आले की आजही अंगावर रोमांच उभे राहतात.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो वसूल, राज्य नव्हे, असे न्यायालयाने मानले. मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्षात स्वीकारली होती आणि सव्वाशे वर्षे माणसे व माल त्या वाटेने ये-जा करीत होता, हेही मानले. म्हणून सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता. हा निर्णय अकरा विरुद्ध चार मतांनी झाला. फौज, हत्यारबंद पोलीस आणि दारूगोळा यांना तसा हक्क नव्हता. येथे मते आठ विरुद्ध सात, म्हणजे एका मताचा फरक! आणि भारताने आपले कोणतेही बंधन मोडले नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा निकाल समजावून सांगायला वकील लागत नाही. बांधावरच्या वाटेची भांडणे मामलेदारापुढे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. वर्षानुवर्षे पायी जात आलास, तर पायवाट तुझी. पण गाडी कधी नेली नसशील, तर गाडीवाट तुझी नाही. हेगच्या न्यायाधीशांनी जे पानोपानी लिहिले, ते आपल्या भाषेत एका शब्दात मावते: वहिवाट! रोजच्या जगण्यासाठी जो चालतो त्याची वाट असते, बंदूक घेऊन येणाऱ्याची नसते.

या निकालानंतर एकोणीस दिवसांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले. आमच्या भोवतीची एक हद्द दोन हद्दी बनली. उत्तरेला गुजराती बोल आणि दक्षिणेला मराठी, हे पूर्वापार होतेच. आता त्यावर राज्यांच्या पाट्या आल्या. इतकेच कशाला, नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ हे गुजरातचे गाव राहिले. बेटात बेट!

या दरम्यान, म्हणजे १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे, हा मुलूख ना पोर्तुगालच्या ताब्यात होता, ना रीतसर भारतात. 'वरिष्ठ पंचायत' नावाची लोकांची सभा आणि प्रशासक मिळून कारभार पाहत. अप्पासाहेब करमळकर हे त्यांतले एक प्रशासक. जून १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. पण सही कोण करणार? देशाच्या पंतप्रधानांबरोबर करार करायचा तर तशाच दर्जाचा माणूस हवा. तेव्हा तेथील प्रशासक, भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा केंद्रशासित प्रदेश झाला.

त्या वर्षीच्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ भरली. कारखाने आले, देशभरचे कामगार आले. ग्रामपंचायतीच्या गावाला २००६ मध्ये नगरपरिषद मिळाली. आणि २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर हवेली व दमण-दीव एक होऊन राजधानी म्हणून पुन्हा दमणचे नाव लागले. इतिहासाच्या शिक्षकाला येथे थोडे हसू येते. १९५४ मध्ये तुटलेला धागा सहासष्ट वर्षांनी पुन्हा जोडला गेला, फक्त या वेळी मधली वाट आपलीच होती.

पण एका तारखेला मला हसू येत नाही. २८ ऑगस्ट २००३. त्या दिवशी दमणमध्ये, नानी दमण आणि मोटी दमण जोडणारा दमणगंगेवरचा पूल कोसळला. शाळा सुटून घरी निघालेली वीसहून अधिक मुले गेली. नदी हीच, आमचीच. तेव्हा मी साधा शिक्षक होतो. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना, नदी ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांच्या नावांपुढे मी पेन्सिलीने बारीक टिंब केले. का केले, ते मलाच नीट सांगता आले नसते. त्यानंतर प्रत्येक वर्षी जूनमध्ये मी ते करीत आलो आहे. पावसाचा जोर वाढला की ती टिंबे पाहतो आणि त्या मुलांना लवकर सोडतो.

राज्य कोणाचे, यावर दोन शतके कागद झाले. सनदा, करार, निकाल, ठराव. मला मात्र वाटते, राज्य कोणाचेही असो, त्याची परीक्षा या टिंबांपाशी होते. ज्याच्या हाती कारभार, त्याच्यावर वाट उघडी आणि पूल धड ठेवण्याची जबाबदारी. पोर्तुगिजांजवळ वाट नव्हती म्हणून त्यांचे राज्य गेले. आपल्याजवळ वाट आहे, तेव्हा आपल्याला सबब नाही.

खेळाच्या शेवटी मी फळ्यावर 'वहिवाट' हा शब्द लिहितो. आमच्या वर्गात गुजराती, हिंदी, वारली, कोकणा बोलणारी मुले असतात. मराठी तुकडीचा पट पूर्वीइतका राहिलेला नाही. गेल्या वर्षी एका गुजराती मुलीने विचारले, "सर, आ शब्द मराठी छे?" मी म्हटले, "हो. पण वाट सगळ्यांची आहे." तिने तो वहीत लिहून घेतला. घंटा झाली. तिच्या नावापुढे टिंब आहे, ती नरोलीहून येते. खिडकीतून पाहिले, तर ती अथाळच्या पुलाकडे जाणाऱ्या गाडीत बसत होती. पाऊस नव्हता.