दवाखान्याच्या किल्ल्या कुणाच्या हाती?

डॉ. आनंदीबाई जोशी यांचं नाव माहीत नाही, असा मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, मग समुद्र ओलांडून अमेरिका, फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय आणि मार्च १८८६ मध्ये पदवी. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. ती ऐकताना आपलं सगळं लक्ष पदवीवर असतं. पहिली पदवी, पहिली स्त्री डॉक्टर, पहिली परदेशवारी. पण या गोष्टीचा शेवटचा भाग आपण जरा घाईनं सांगतो. पदवी हाती येता येताच आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानकडून नेमणूक आली होती. आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या, म्हणजे आज कोल्हापूरकर ज्याला सीपीआर म्हणतात त्या रुग्णालयातल्या, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. तो विभाग त्यांनी चालवायचा होता. क्षयानं तसं होऊ दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

म्हणजे पदवी मिळाली, पण विभागाचा ताबा घ्यायचा राहून गेला. आज बोलायचं आहे ते त्या राहून गेलेल्या गोष्टीबद्दल. स्त्री डॉक्टर झाली, परिचारिका झाली, हे ठीक. पण दवाखान्याच्या किल्ल्या, औषधांची मागणी, नोकरांच्या नेमणुका, जमाखर्चाची वही हे कुणाच्या हाती? हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याचं उत्तर सहजासहजी मिळालेलं नाही.

सुरुवात करू या मुंबईच्या कामा रुग्णालयापासून. १८८०च्या दशकात मुंबईत जॉर्ज किट्रिज नावाचे एक अमेरिकन व्यापारी होते. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या इथल्या मंडळींना हाताशी धरून त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या औषधोपचारासाठी निधी उभा केला. पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही म्हणून कितीतरी बायका बाळंतपणात आणि साध्या दुखण्यांतही मरत, हे सगळ्यांना दिसत होतं. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्यानं रुग्णालयासाठी लाखाहून अधिक रुपये दिले. १८८३ मध्ये पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये रुग्णालय उघडलं. या मंडळींचा एक आग्रह होता आणि तोच महत्त्वाचा आहे. इथे उपचार स्त्री डॉक्टर करतील आणि रुग्णालयाचा कारभारही स्त्री डॉक्टरच पाहतील. नुसती मदतनीस म्हणून स्त्री नको, प्रमुख म्हणून हवी. सरकार हे चटकन मान्य करायला तयार नव्हतं, पण अखेर करावं लागलं.

त्या जागेसाठी इंग्लंडहून आल्या डॉ. एडिथ पीची. या बाई कोण होत्या? एडिंबरा विद्यापीठात १८६९ साली वैद्यकीय शिक्षणासाठी दार ठोठावणाऱ्या सात जणींपैकी एक. तिथे रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्या अव्वल ठरल्या, पण बाई म्हणून त्यांना शिष्यवृत्ती नाकारली गेली. डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईत उतरल्या. इथली भाषा शिकल्या, दवाखाना चालवला, परिचारिकांचं शिक्षण सुरू केलं आणि एक मागणी सतत लावून धरली. काम सारखं, तर स्त्री डॉक्टरचा पगार आणि दर्जाही पुरुष डॉक्टरसारखाच. नाकारलेली शिष्यवृत्ती त्या विसरल्या नसाव्यात.

याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी देशभरासाठी निधी उभारला. त्याला आपण डफरिन फंड म्हणतो. आजही अनेक गावांत जुनी माणसं बायकांच्या सरकारी दवाखान्याला ‘डफरिन’च म्हणतात. या निधीनं मोठं काम केलं. दवाखाने निघाले, मुलींना शिष्यवृत्त्या मिळाल्या, सुईणी आणि परिचारिका शिकून तयार झाल्या. पण मेख होती ती कारभारात. दवाखाना बायकांचा, डॉक्टर बाई, रोगीही बाया आणि देखरेख मात्र जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची. तो पुरुष असायचा. त्याच्या जोडीला स्थानिक समिती, त्यातल्या अनेकांना वैद्यकाचा गंधही नसायचा. शस्त्रक्रियेचा निर्णय घेणारी बाई अधिकारानं मात्र दुय्यमच राहायची. पेन्शनची खात्री नाही, बढतीचा रस्ता नाही. अशा नोकरीत हुशार मुलींनी का यावं आणि आल्या तरी का टिकावं?

या सगळ्यात जिनं खरोखर ताबा घेतला आणि पस्तीसेक वर्षं सोडला नाही, ती आपली डॉ. रखमाबाई. जन्म १८६४ चा, मुंबईचा. आनंदीबाईंपेक्षा चारच महिन्यांनी मोठ्या. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी पुनर्विवाह केला तो डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. हे गृहस्थ नावाजलेले वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं, पण त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोनं नांदायला यावं म्हणून दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अपिलानंतर पारडं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. ‘केसरी’ विरोधात होता, सुधारक बाजूनं, विलायतेतल्या वर्तमानपत्रांतही चर्चा. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

बहुतेक लेखांत रखमाबाईंची गोष्ट इथेच थांबते. खटला संपला, पुढे त्या डॉक्टर झाल्या, पूर्णविराम. पण त्यांचं खरं आयुष्य तर इथून सुरू होतं. डॉ. पीचींनी प्रोत्साहन दिलं, इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी मदत केली आणि १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. ही शाळा काढली होती सोफिया जेक्स-ब्लेक यांनी. एडिंबऱ्याच्या सात जणींत पीचींच्या सोबतीण त्या. एकीनं उघडलेल्या दारातून दुसरी कशी आत येते पाहा. पुढे ब्रुसेल्सची एम.डी. घेऊन रखमाबाई परतल्या आणि १८९५ मध्ये सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या.

सुरतेत त्या बावीस वर्षं होत्या. प्लेगच्या साथीत गाव सोडून न जाता तिथेच काम करत राहिल्या. बायका रुग्णालयात यायलाच तयार नसत, तेव्हा विश्वास एकेक करून मिळवायचा होता. कोर्टात जिचं नाव निघालं ती बाई, घरातल्या सासवांनी आपल्या सुनांना तिच्याकडे पाठवायचं! नवऱ्याकडे न गेलेल्या या बाईंनी शेकडो संसारांमधली बाळंतपणं सुखरूप पार पाडली, यात त्यांचं सगळं उत्तर आलं. दादाजी वारल्याचं कळल्यावर त्या विधवेसारख्या पांढऱ्या वस्त्रात राहू लागल्या. आपल्याला हे बुचकळ्यात टाकतं. पण माणसं आपल्या सोयीच्या चौकटीत बसत नाहीत, इतकं यावरून समजावं.

आता एक छोटी वाटणारी गोष्ट. स्त्री डॉक्टरांच्या तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली. हिंदुस्थानातल्या वैद्यकीय स्त्रियांची ही संघटना सरकारकडे मागत होती ते पगार, दर्जा आणि कायम नोकरी. सात वर्षांनी, १९१४ मध्ये, विमेन्स मेडिकल सर्व्हिस ही स्त्री डॉक्टरांची स्वतंत्र सेवा सुरू झाली. संख्या अगदी थोडी, सुरुवातीला पंचवीसेक अधिकारी आणि त्यांतही युरोपियनच अधिक. तरी पायरी बांधली गेली. १९१८ मध्ये या सेवेत येण्याचं निमंत्रण रखमाबाईंना मिळालं. त्यांनी ते नाकारलं आणि राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी पसंत केली. प्रतिष्ठेच्या सेवेपेक्षा स्वतः चालवायचा दवाखाना त्यांना मोलाचा वाटला असावा. १९२९ च्या सुमारास निवृत्ती घेऊन त्या मुंबईला आल्या. पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं.

डॉक्टरांबरोबर परिचारिकांचीही आठवण ठेवायला हवी. रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढलं ते १९०९ साली. ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला सेवासदनच्या मुलींना, त्यांत विधवांनाही, पाठवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा पुण्यात केवढी कुजबुज झाली असेल! परक्या जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्रपाळी करायची, हे तेव्हाच्या पांढरपेशा घरांना मानवणारं नव्हतं. तरी मुली गेल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. देशातल्या परिचारिकांची संघटना १९०८ मध्ये उभी राहिली आणि शिक्षणाचा दर्जा ठरवणारी नर्सिंग कौन्सिल १९४७ च्या कायद्यानं आली. इथेही तीच वाट दिसते. आधी काम, मग संघटना, मग नियम.

कामा रुग्णालयाच्या किल्ल्या भारतीय स्त्रीच्या हाती आल्या त्या १९२८ मध्ये. डॉ. जेरुशा झिराड त्यांचं नाव. बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. लहानपणी बहीण आजारी पडली आणि कामातल्या स्त्री डॉक्टरांनी तिला बरं केलं. तेव्हाच या मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १९१२ मध्ये पदवी. पुढे लंडनला जायचं तर पैसे नाहीत. टाटांची कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन त्या गेल्या आणि १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाल्या. १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षं त्यांनी कामा सांभाळलं. पण त्यांचं मला सर्वांत थोर वाटणारं काम वेगळंच आहे. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस पद्धतशीर चौकशी केली. मृत्यू मोजले, कारणं लिहिली, अहवाल दिला. दैवाला बोल लावून मोकळं होणाऱ्या समाजापुढे त्यांनी आकडे ठेवले. देशातल्या प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ १९५० मध्ये उभा करण्यातही त्या पुढे होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग आज काय चित्र आहे? पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुखपदी २००४ मध्ये प्रथमच एक स्त्री, पुनीता अरोरा, आल्या. डॉ. सौम्या स्वामिनाथन २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पहिल्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. अभिमान वाटावा अशीच ही नावं. पण त्याच जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवाल सांगतो, जगभर आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरिष्ठ जागांवर सुमारे २५ टक्के. आपल्या खेड्यापाड्यांतल्या आशा कार्यकर्त्या देशभर सुमारे दहा लाख. त्यांचा २०२२ मध्ये जागतिक पातळीवर गौरव झाला. मानधनासाठी मात्र त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं.

या क्षेत्रात येणाऱ्या मुली विचारतात, आम्ही काय करावं? या जुन्या बायांच्या आयुष्यातून काही गोष्टी सांगता येतील. नेमणुकीचं पत्र हाती आलं की नुसता पगार पाहू नका. आपल्या कामाचा निर्णय कोण घेणार, आपण कुणाला जबाबदार, बढतीचा रस्ता कोणता, हे आधी विचारा. डफरिनच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरणींना ते विचारायची सोय नव्हती, तुम्हाला आहे. वैद्यकाबरोबर जमाखर्च आणि कारभारही शिका. वही दुसऱ्याच्या हाती असेल तर दवाखानाही त्याच्याच हाती राहतो. झिराडबाईंसारखी नोंद ठेवा, कारण तक्रार झटकून टाकता येते, आकडे झटकणं अवघड जातं. एकटीनं भांडू नका. १९०७ ची संघटना नसती, तर १९१४ ची सेवा आली असती का, याचा विचार करा. आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलीसाठी दार उघडं ठेवा.

घरच्यांसाठीही दोन शब्द. सून किंवा मुलगी डॉक्टर झाली, नर्स झाली की आपण पेढे वाटतो. पण तिला विभागप्रमुखाची जागा मिळायची वेळ येते, बदलीची, रात्रीच्या बैठकांची वेळ येते, तेव्हा घरातूनच सूर निघतो, ‘आता आणखी कशाला?’ अनेक जणी त्या एका वाक्यापाशी थांबतात. कोल्हापुरातल्या त्या नेमणुकीपर्यंत आनंदीबाई आजारामुळे पोचू शकल्या नाहीत. आज ज्या पोचू शकतात, त्यांना निदान आपण तरी अडवू नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)